साडूभाऊंचं मल्टीटूल

आमच्या घरात मल्टीटूल आलं ते आहेर म्हणून. साडूनं साडूला दिलेला आहेर काय चीज असते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी देवाला नारळ फोडावा.

आमचे सर, म्हणजे माझे यजमान दयानंद, नांदेडला हायस्कुलात विज्ञान शिकवतात. शाळेत सगळे सर म्हणतात, गल्लीत सर म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणते. दुसऱ्या कोणत्या नावानं हाक मारली तर ओ येत नाही. माझी धाकटी बहीण तनुजा लातूरला दिलेली. तिचे मालक भागवतराव तिथं नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांचं होस्टेल चालवतात. दोघंही जावई स्वभावानं चांगले आहेत, फक्त एका वेळी एकच भेटायला हवा. एकानं नवा फ्रीज घेतला की दुसऱ्याच्या घरचा फ्रीज त्याच आठवड्यात आपोआप बिघडतो.

दसऱ्याला भागवतराव आमच्याकडे आले ते पहिल्यांदाच गाडीच्या पाठीला सायकल बांधून. अंगात लिंबासारखा पिवळा, अंगाला चिकटलेला शर्ट. पोट कुठं संपतं आणि माणूस कुठं सुरू होतो ते लांबूनही स्पष्ट दिसत होतं.

"सर, तुम्हीबी घ्या एक," ते म्हणाले. "सायकल म्हंजे ध्यान हाय ध्यान."

सरांनी ध्यान वगैरे काही ऐकलं नाही. त्यांनी गियर मोजले.

दिवाळीच्या आत आमच्या पार्किंगमध्ये सायकल उभी राहिली. डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितलाय, असं सर म्हणाले. डॉक्टरांनी ते चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं, पण चांगला सल्ला मुरायला वेळ लागतोच.

दिवाळीच्या सुट्टीत भागवतराव सायकल बघायला आले. बाजारात बैल बघतात तसं त्यांनी तिला चारी बाजूंनी बघितलं, टायर दाबला, सीटवर थाप मारली आणि म्हणाले, "चांगली हाय. सुरुवातीला चांगलीच हाय." मग कमरेच्या पाऊचमधून तळहाताएवढी एक लोखंडी वस्तू काढून सरांच्या हातावर ठेवली. "हे असू द्या. मल्टीटूल हाय. मी नवं घेतलंय, वजनाला हलकं. तुम्हाला लागंल."

त्या 'तुम्हाला लागंल'मध्ये जे काही होतं ते सरांना बरोबर लागलं.

ती वस्तू मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला तो मोठा नेलकटर वाटला. उघडली तर पंख्यासारखी पसरली. कुठं षटकोनी टोकं, लहानापासून मोठ्यापर्यंत, कुठं पेचकस, कुठं चांदणीच्या आकाराचं टोक, आणि एका बाजूला अडकित्त्यासारखं काहीतरी विचित्र यंत्र. मी पेचकसानं कुकरचं ढिलं झालेलं हँडल आवळून घेतलं आणि माझ्यापुरता विषय संपवला. सरांचा तिथून सुरू झाला.

सर गेली पंचवीस वर्षं आठवीला तरफ शिकवतात. टेकू, भार, बल, सगळं पाठ. त्यामुळे सोबत आलेला कागद वाचायची त्यांना गरज वाटली नाही. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून ते बसले. सीट वर करायची होती. सीटच्या बोल्टात जी टोकं जात होती त्यांतलं सगळ्यात आधी हाताला आलं ते त्यांनी घातलं. ते बसलंही, पण जरासं हलत होतं. सर म्हणाले, "चालतंय." जोर लावला. टोक गर्रकन फिरलं आणि बोल्टाचं षटकोनी तोंड गोल होऊन गेलं. विज्ञानात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मी नोकरी करते त्या तहसीलमध्ये याला 'प्रकरण निकाली काढले' असं म्हणतात.

जुन्या मोंढ्याच्या बाजारातून नवा बोल्ट आला. मग हँडल. हँडल सरळ करताना वरचा बोल्ट ढिला केला, बाजूचे ढिले केले, मग सगळे आवळले. दुसऱ्या दिवशी सर निघाले तेव्हा सायकल नाकासमोर चालली होती आणि हँडल बाजूच्या श्रीनगर कॉलनीकडे बघत होतं. गल्लीतल्या बायकांनी मला विचारलं, "सरांची मान अवघडली काय वं?"

त्यानंतर पायडलांची पाळी. सायकल घरात आणताना पायडलानं भिंत खरवडली, तर मी फक्त एवढंच म्हणाले की रंग गेल्या वर्षीच दिलाय. सरांनी पायडलं काढायचं ठरवलं. उजवं दोन मिनिटांत निघालं. सरांचा चेहरा असा काही फुलला की मीही चहा टाकला. डावं मात्र निघेना. हातानं जोर लावला, पायानं लावला, शेवटी मला हाक मारली.

"उज्वला, ह्याच्यावर जरा उभी राहा."

मी तहसीलमध्ये अव्वल कारकून आहे. वजनदार पद आहे. मी उभी राहिले. पायडल हललं नाही, पण मल्टीटूलचं ते टोक किंचित वाकलं, ते आजही वाकडंच आहे.

संध्याकाळी सर मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. "डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात," ते म्हणाले. "आपण दुपारभर ते आवळून राहिलो होतो."

"मग?"

"मग काय? कंपनीनं आधी सांगायला पाहिजे होतं." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की जणू कंपनी त्यांच्या वर्गात होती आणि तिनं गृहपाठ केला नव्हता.

ह्या सगळ्यातून वेळ काढून सर सायकल चालवतही होते. रोज सकाळी आसना पुलापर्यंत जायचे आणि घामानं निथळत, तोंडाला फेस आणून परत यायचे. "मांड्या भरून राहिल्यात," म्हणायचे. "ताकद येऊन राहिली." आठवडाभर मी रोज हळदीचं दूध दिलं. मग एका सकाळी झाडताना मी सायकल बाजूला सरकवायला गेले, तर ती सरकेना. मागचं चाक उचलून हातानं फिरवलं. अर्धा फेरा घेऊन ते थांबलं.

"सर, ब्रेक लागलेलाच आहे की हो. सोडायचा राहिला का?"

सर बाहेर आले. वाकून बघितलं. चाक फिरवलं. ब्रेकची पट्टी चाकाच्या चकतीला घट्ट धरून बसली होती. म्हणजे आठवडाभर माझा नवरा ब्रेक दाबून नांदेड पालथं घालत होता. मी काहीतरी चांगलं लागेल असं बोलणार होते, शब्द तयारही होते. पण त्यांचा चेहरा पाहून गुमान आत गेले.

खिडकीतून मला दिसत होतं. या वेळी त्यांनी घाई केली नाही. एक टोक घातलं, हललं म्हणून काढलं. दुसरं घातलं, ते घट्ट बसलं. ब्रेकचे बोल्ट ढिले केले. मग ब्रेकचा दांडा दाबून धरला आणि दाबलेला असतानाच बोल्ट थोडा इकडचा, थोडा तिकडचा असे आवळत गेले. चाक फिरवलं. पुन्हा ढिले केले, पुन्हा आवळले. शेवटी चाक फिरलं आणि फिरतच राहिलं, काही आवाज नाही. सर कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभे होते. मला हाक मारली नाही, भाषण केलं नाही. थांबल्यावर परत एकदा फिरवलं. बास.

तिथून सर बदलले. म्हणजे बोलायचे कमी झाले. आमच्या घरात याला बदल म्हणतात. ते अडकित्त्यासारखं यंत्र चेन तोडायचं आहे, हे त्यांनी शोधून काढलं.

"तोडायची कशाला?" मी विचारलं.

"तुटलेली जोडायला आधी नीट तोडावी लागते," सर म्हणाले. आमच्या महसूल खात्याचंही हेच धोरण आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

मोंढ्यातल्या सायकलवाल्याकडून जुन्या चेनचा तुकडा आणला आणि संध्याकाळी टीव्हीसमोर पेपर अंथरून सराव चालू. मालिकेत सून रडायची, इकडे सर चेनची पिन ढकलायचे. पिन पूर्ण बाहेर आली की परत आत जात नाही. तिला टोकावर लटकती ठेवायची असते, तेव्हा ती गुपचूप परत बसते. हे कळायला सरांना कितीतरी पिना सोफ्याखाली घालवाव्या लागल्या. झाडताना मला त्या सापडायच्या. मी एका वाटीत जमवून ठेवल्या आणि काही बोलले नाही. माझ्यासाठी हे थोडं नाही.

जानेवारीत आप्पांचा फोन आला. आप्पासाहेब म्हणजे आमचे वडील. भोकरच्या जवळ शेती करतात. "हुरडा आलाय. जावयांना घिऊन या." भागवतरावांनी ही संधी सोडली नाही. "सर, गाडीत कामून जायचं? नांदेडाहून भोकर सायकलवर जाऊ. तुम्हाला झेपत असंल तर."

सर म्हणाले, "बघू." म्हणजे हो.

लातूरची मंडळी आदल्या दिवशी आमच्याकडे आली. रात्री पुरणपोळ्या झाल्या. भागवतरावांनी गाडीच्या पाठीमागचा सायकल अडकवायचा सांगाडा काढून आमच्या पार्किंगमध्ये ठेवला. का, तर त्यानं गाडीची शोभा जाते. सकाळी दोघं साडू उजाडायला निघाले, एक पिवळा, एक आपल्या शाळेच्या क्रीडा दिनाचा निळा टी-शर्ट घातलेला. आम्ही बहिणी निवांत आवरून गाडीनं निघालो. तनुजा चालवत होती. मागच्या सीटवर आईसाठी घेतलेला मिक्सर, आप्पांच्या शेतातल्या मोटारीचा पाइप, ब्लँकेटं आणि माहेरच्या लोकांना नेहमी न्यावं लागतं ते सगळं.

अर्धापूरला केळी घेतली. भोकर फाट्याला वळलो, बारड मागं टाकलं, तरी दोघांचा पत्ता नाही. "बघ, लई पुढं गेलेत," तनुजा कौतुकानं म्हणाली. तेवढ्यात रस्त्याकडेला पिवळं दिसलं.

भागवतराव सायकलीला टेकून उभे होते. सर थोड्या अंतरावर मैलाच्या दगडावर बसून, आमच्याकडे न बघता, पाणी पीत होते. दोघांत बोलणं चालू असल्याची काही खूण नव्हती. तनुजानं काच खाली केली.

"काय झालं हो?"

"काय न्हाई," भागवतराव म्हणाले. "नजारा पाहून राहिलो."

नजाऱ्यात वेचून झालेली कापसाची पराटी होती, आणि तिच्यात एक म्हैस.

मी खाली उतरले. भागवतरावांच्या सायकलीची चेन मागं सापासारखी लोंबत होती.

"तुटली?"

"सरकली," ते म्हणाले.

"तुटली," सर दगडावरून म्हणाले, म्हशीकडे बघत.

तनुजानं विचारलं, "तुमचं ते नवं मल्टीटूल कुठंय?"

"घरी हाय लातूरला." भागवतराव चाकाकडे बघत होते. "आणायचं म्हणलं तर वजन वाढतंय."

"हाव. आन् रातच्या पुरणपोळ्यांचं वजन कुणी धरलं होतं?"

आता परिस्थिती अशी होती. सायकल गाडीत मावत नव्हती. सांगाडा शोभेसाठी नांदेडला होता. सरांच्या पिशवीत मल्टीटूल होतं, हे सर्वांना माहीत होतं, कारण ते देणारा माणूसच समोर उभा होता. भागवतरावांनी नुसतं म्हणायचं होतं. सरांनी नुसतं उठायचं होतं. पण ज्यानं दिलं त्यानं मागायचं कसं आणि मागितल्याशिवाय द्यायचं कसं? देशोदेशीच्या सरहद्दींवर एवढा ताठा नसेल.

"सर, तुम्ही बघता का?" मीच म्हटलं.

"मी काय बघणार?" सर म्हणाले. "भागवतराव जुने सायकलस्वार आहेत. मी सुरुवातीचा."

आम्ही बहिणी गाडीच्या सावलीत बसून केळी सोलली. एक ट्रॅक्टर गेला. त्याचा ड्रायव्हर दोघा साडूंकडे वळून पाहत गेला. मग आप्पांचा फोन आला. तनुजानं तो मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"कुठं हायेत जावई? कणसं भाजून ठिवलेत. गार होऊन राहिलेत. आन् गाडीत बसून या म्हणावं, काय आजार हाय का सायकलीचा?"

भागवतरावांनी टोपी काढली, घाम पुसला. इतक्या बारीक आवाजात, की आम्हाला अंदाजानंच कळलं, ते म्हणाले, "सर, जरा बघता का?"

सर म्हणाले, "काय? मागच्या बाकावर ऐकू नाही आलं."

"आवं, बघा म्हणलं!"

सर उठले. त्यांनी रस्त्याकडेला पेपर अंथरला, घरच्यासारखाच, आणि सायकल उलटी केली. तुटलेली कडी शोधली, यंत्रात बसवली, दांडा फिरवायला लागले. दांडा फिरताना त्यांची जीभ किंचित बाहेर येते, हे मला टीव्हीसमोर माहीत झालं होतं. खराब कडी काढली, पिन टोकावर लटकती ठेवली, चेन गियरमधून ओवली, टोकं जुळवली, पिन परत ढकलली. भागवतराव आधी लांब होते, मग जवळ आले, मग गुडघ्यावर बसले.

"झालं," सर म्हणाले आणि पायडल फिरवलं.

चेन फिरली, पण जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला. करर, करर, करर.

सर वाकून बघत राहिले. मागच्या दोन छोट्या चाकांमधून चेन ओवताना ती एका पत्र्याच्या चुकीच्या बाजूनं गेली होती. आता हे चालवून नेलं असतं, तर भोकरला चेनही गेली असती आणि गियरही. मला काळजी सरांची होती, सायकलीची नाही. भागवतरावांनी एवढं मागून घेतल्यावर आता ते काय बोलतील?

सर म्हणाले, "चुकलं. परत काढतो."

हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. तनुजानं माझ्याकडे बघितलं.

परत यंत्र, परत दांडा. पण एकदा उघडून बसवलेली पिन दुसऱ्यांदा सैल येते. ती एकदम सुटली आणि गवतात पडली. चौघं रांगत शोधू लागलो. म्हैसही जवळ येऊन बघून गेली. पिन सापडली नाही. सरांनी हात झाडले. तोंडावर काळं लागलं होतं.

"आता अवघड आहे, भागवतराव. माझ्याकडे दुसरं काही नाही."

भागवतरावांनी सीटखालची छोटी पिशवी उघडली आणि प्लॅस्टिकची एक पुडी काढली. सील अजून फोडलेलं नव्हतं. "हे सायकलीसोबत आलं होतं. काय हाय ते मला म्हाईत न्हाई. उपयोगाचं हाय का बघा."

आत चेनची जोडकडी होती. दोन अर्धुकं. एकमेकांत अडकवली की काम झालं, पिनेची गरजच नाही.

सर कडीकडे बघत राहिले, मग साडूकडे. "हे तुम्ही सायकल घेतल्यापासून सोबत घेऊन फिरताय?"

"तीन वर्सापासून."

"आणि मघापासून इथं उभे होता?"

"सर, खरं सांगू का?" भागवतराव खालीच बसले. "मला यातलं काहीच येत न्हाई. ते मल्टीटूल मी कधी उघडलंबी न्हवतं. लातूरच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यात मागं असतो. पंक्चर झालं की फोन करून होस्टेलची रिक्षा बोलावतो. त्यांच्यासमोर कुणाला इचारायची लाज वाटती."

मला वाटलं, आता सर व्याख्यान देणार. इतकी वर्षं वाट बघितलेला क्षण, वर्गही समोर बसलेला. सरांनी चेनचं एक टोक भागवतरावांच्या हातात दिलं.

"धरा हे. मी आठवडाभर ब्रेक लावून सायकल चालवत होतो. उज्वलाला विचारा. हळदीचं दूध पिऊन."

भागवतराव आधी हसले नाहीत. मग त्यांना त्याचा अर्थ लागला, आणि ते असे हसले की हातातली चेन सुटली. सरही हसले. मी त्या दोघांना एकत्र हसताना पहिल्यांदाच पाहत होते. जरा भीतीच वाटली.

सरांनी आधी मोकळी झालेली अर्धी कडी काढून टाकली. या वेळी चेन ओवताना दोघांनी मिळून पत्र्याची बाजू तपासली. भागवतराव बोट ठेवून दाखवत होते, सर मान हलवत होते. दोन अर्धुकं अडकवली, सायकल सरळ केली, ब्रेक दाबून धरला आणि भागवतरावांनी पायडलावर उभं राहून सगळं वजन टाकलं. कट्. कडी बसली. पायडल फिरवलं, आवाज नाही.

"चेन जराशी आखूड झालीय," सर म्हणाले. "सगळ्यात मोठ्या गियरवर जाऊ नका."

"मी कधीच जात न्हाई," भागवतराव म्हणाले.

भोकरला पोचेपर्यंत कणसं गार झाली होती. आईनं पुन्हा भाजली. आप्पांनी जावयांचे काळे हात बघून विचारलं, "चेन तुटली व्हय? मंग गाडीत बसायचं की." दोघं हात धुवायला गेले. हुरडा खाताना मात्र गोष्ट सांगितली गेली. आधी 'सरांनी जोडली' अशी, मग 'आम्ही दोघांनी जोडली' अशी, आणि शेजारचे मलप्पा आले तेव्हा 'चेन कंपनीचीच कच्ची होती, ह्यांनी लगेच ओळखलं' अशी. दोघं एकमेकांच्या वाक्याला मान डोलवत होते. तनुजा म्हणाली, "ताई, काहीतरी बिघडलंय ह्यांचं."

तिचं खरं होतं. साडू-साडूंचं वैर होतं तोवर आम्हा बहिणींना घरात थोडीफार किंमत होती. निदान दुसऱ्याची निंदा ऐकायला तरी माणूस लागायचं. आता रोज संध्याकाळी लातूरहून फोन येतो. भागवतरावांनी होस्टेलच्या गच्चीवर सायकल उघडायला घेतली आहे. गियरच्या तारेचा ताण किती ठेवायचा, यावर त्यांच्यात जेवढं बोलणं होतं तेवढं परगावी नोकरीला असलेल्या आमच्या मुलीच्या लग्नाबद्दल आम्हा नवराबायकोत होत नाही. आता सायकलवर हदगावला जायचं ठरून राहिलं आहे. सर आता सोसायटीतल्या सगळ्यांच्या सायकली तपासतात. तिसऱ्या मजल्यावरच्या अनंतरावांनी त्यांची सायकल हल्ली कुलूप लावून बेडरूममध्ये ठेवायला सुरुवात केली आहे.

परवा रविवारी मी जेवायला वाढायला घेतलं, तर आमच्या जेवणाच्या टेबलावर पेपर, पेपरवर मागचं चाक, चाकाशेजारी मोबाइल उभा, आणि मोबाइलमध्ये भागवतराव, त्यांच्याही पुढ्यात तसलंच चाक.

"सर, ताटं कुठं ठेवू?"

"जरा थांब," सर म्हणाले. "भागवतरावांचं चाक बसून नाही राहिलं."

"ताई, नमस्कार," मोबाइलमधून भागवतराव म्हणाले. "तनुजानं आमचंबी जेवण खिडकीत ठिवलंय."

मी माझं ताट घेतलं आणि ओट्याशी उभी राहून जेवले. भाकरी गरम होती, वरण झक्क झालं होतं, आणि कुणी कुणाच्या फ्रीजबद्दल एक अक्षर काढलं नाही.